रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर कोण येणार?

पत्र असं आलंय:

"आक्का, नमस्कार. मी उचगावची. माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, वय ७१. दोन वर्षांपूर्वी गालाचा कॅन्सर निघाला, लई वर्षं मिश्री लावायच्या. ऑपरेशन झालं, लाईट म्हणजे रेडिएशन दिलं, काही महिने बरं गेलं आणि आता परत आलाय, मानेपर्यंत. डॉक्टर म्हणाले आता किमो देऊन नुसता त्रासच होईल, घरी न्या, सेवा करा. मालक शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत शिफ्टला असतात, मुलगी दहावीला. गालाची जखम उघडी आहे, वास येतो, रात्री कण्हतात. त्यांना आम्ही 'गाठ आहे' एवढंच सांगितलंय. दोन ठिकाणं कळलीत, एक शहराबाहेर राहायची सोय असलेलं सेंटर, एकदम चकाचक, आणि दुसरे घरी येऊन सेवा देणारे. दोघंही म्हणतात आम्ही हॉस्पिस केअर देतो, म्हणजे बरा न होणाऱ्या पेशंटची शेवटच्या दिवसांतली सेवा. दीर पुण्यातनं फोनवर म्हणतात हे काही नको, मोठ्या हॉस्पिटलात आयसीयूत ठेवा. यातलं चांगलं कुठलं हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?"

पोरी, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. "रात्री कण्हतात" हे तू दोन शब्दांत लिहून पुढं गेलीस, पण माझं लक्ष तिथंच अडकलं. म्हणून आधी एकच सांगते. त्या दोन्ही ठिकाणी जा आणि पहिला प्रश्न हाच विचार, "आत्यांना रात्री दोन वाजता दुखायला लागलं तर कोण येणार, किती वेळात येणार आणि आल्यावर काय देणार?" आणि मग गप्प बस. उत्तर ऐक. फी, खोली, जेवण, गार्डन हे सगळं नंतर.

चांगल्या जागेत या प्रश्नाला सरळ उत्तर मिळतं. रात्रीला अमुक सिस्टर असतात, जास्तीच्या डोसची ऑर्डर डॉक्टरांनी आधीच फाईलला लिहून ठेवलेली असते, ती द्यायला डॉक्टरांना उठवायला लागत नाही, अर्ध्या-पाऊण तासानं परत येऊन बघतात, फरक नसेल तर डॉक्टरांना फोन. जिथं तयारी नसते तिथं "अहो ताई तुम्ही काळजीच करू नका, आमच्याकडं २४ तास स्टाफ असतो" असं म्हणतात. स्टाफ असतो म्हणजे कोण असतं? सिस्टर का मावशी? मावशीला औषध द्यायचा अधिकार आहे का? मी ३१ वर्षं सिस्टर म्हणून वॉर्डात काढलीत, मला माहिताय, रात्री खरा प्रश्न माणूस जागा आहे का हा नसतोच, त्या जाग्या माणसाच्या हातात काही द्यायला आहे का हा असतो.

हे मला माझ्या वडिलांमुळं कळलं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. प्रोस्टेटचा कॅन्सर मणक्यात उतरला होता. एका ठिकाणी ठेवलं, नाव घेत नाही, जागा लई छान होती, खाली संगमरवर, दारात तुळस, सकाळी भजन लागायचं. आणि माझा बाप रात्रभर पलंगाची दांडी धरून असायचा. दांडी इतकी घट्ट धरायचे की सकाळी तळहातावर तिचा वळ दिसायचा, लांबडा, लाल. मी विचारलं की उत्तर ठरलेलं, "आत्ताच इंजेक्शन दिलंय, पुढचं सकाळी. या आजारात एवढं दुखणारच." ते इंजेक्शन साधं डायक्लोफिनॅकचं. मॉर्फिन त्यांच्याकडं नव्हतंच. आणि खरं सांगू, मी स्वतः सिस्टर असून मलाही मॉर्फिनची भीती वाटायची, सवय लागेल, श्वास बंद पडेल, म्हणून मीही जोर लावला नाही. अकरा दिवस गेले असे. ते अकरा दिवस मला परत मिळणार नाहीत म्हणून तुला इतकं बजावून सांगतेय.

तर दुसरा प्रश्न, "तुमच्याकडं मॉर्फिन आहे का?" हा शब्द उच्चारायला घाबरू नकोस. कॅन्सरच्या जोरदार दुखण्यावर तोंडानं द्यायचं मॉर्फिन हे जागतिक आरोग्य संघटनेनं १९८६ सालीच पायऱ्या आखून सांगितलेलं औषध आहे, आधी साधी गोळी, मग मधली, मग मॉर्फिन. ते साध्या मेडिकलमध्ये मिळत नाही कारण ते नार्कोटिक म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. पूर्वी त्याच्यासाठी एवढी वेगवेगळी लायसन्स लागायची की हॉस्पिटलं ठेवायचीच नाहीत. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती झाली, मॉर्फिनसकट सहा औषधं 'अत्यावश्यक' ठरली आणि मान्यता मिळालेल्या वैद्यकीय संस्थेला ती ठेवता येतात. म्हणजे आता "कायद्यामुळं ठेवता येत नाही" असं कोणी म्हणालं तर ते खरं नाही, त्यांनी मान्यता घेतलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. मला याचा लई राग येतो बघ. मॉर्फिन बनतं अफूपासनं, आणि आपल्याच देशात मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरकडं सरकारी परवान्यानं अफू पिकते, नीमचला सरकारी कारखाना आहे, तिथनं माल परदेशात जातो, आणि आपल्याकडच्या म्हातारीला रात्री एक गोळी मिळत नाही.

मॉर्फिन आहे म्हणाले तर पुढचं विचार, ते देतात कसं. बरोबर पद्धत म्हणजे साधी गोळी घड्याळ लावून दर चार तासांनी, दुखायची वाट न बघता, आणि मधे दुखलंच तर वरचा जास्तीचा डोस. आणि पहिल्या दिवसापासून सोबत पोट साफ व्हायचं औषध, कारण मॉर्फिननं हमखास पोट धरतं आणि म्हाताऱ्या माणसाला आठ दिवस संडासला झालं नाही तर तो त्रास दुखण्यापेक्षा कमी नसतो. पोटाच्या औषधाचं त्यांनी तू न विचारता आपणहून सांगितलं तर समज, इथं रोज हे काम करणारी माणसं आहेत. सुरुवातीचे दोन-तीन दिवस झोप जास्त येते, कधी मळमळतं, मग शरीराला सवय होते. दुखण्यासाठी डॉक्टरांच्या हिशेबानं हळूहळू वाढवत दिलेल्या डोसनं माणूस व्यसनी होत नाही आणि लवकर जातही नाही. आत्यांना गिळायला अवघड होत असेल तर साधी गोळी विरघळवून देता येते, नाकातनं नळी असेल तर नळीतनंही जाते, फक्त हळूहळू सुटणारी जी मोठी गोळी असते ती कधी कुटायची नाही. चामडीवर लावायचा फेंटानिल नावाच्या दुसऱ्या औषधाचा पॅचही मिळतो, साधारण तीन दिवसांनी बदलायचा. यातलं आत्यांना काय ते डॉक्टर ठरवतील, पण तू विचारलंस की समोरच्याला हे येतं का नाही ते तुला पाच मिनिटांत कळेल.

आता त्या चकाचक सेंटरला जाशील तेव्हा सकाळी अकराला वेळ घेऊन जाऊ नकोस. संध्याकाळी सात-आठला जा, शिफ्ट बदलल्यावर, न सांगता. पेशंटपाशी सोडायला पाहिजेच असं नाही, त्यांचीही खासगी बाब आहे, पण पॅसेजमधनं सुद्धा लई काही दिसतं. कोणी हाक मारली तर किती वेळानं माणूस जातोय ते बघ. बेल पेशंटच्या हाताशी आहे का वर हुकाला गुंडाळून ठेवलीय ते बघ. ओठ बघ, सुकून पापुद्रे आलेत का ओलसर आहेत. जो पेशंट स्वतः कूस बदलू शकत नाही त्याला साधारण दोन-दोन तासांनी वळवावं लागतं, तर त्याची नोंद कुठं करता म्हणून विचार आणि कागद बघायला माग. कागदावर आठ, दहा, बारा, दोन असं एकाच पेनानं एकाच दमात लिहिलेलं असलं तर ते एकदम भरलेलं आहे, मी असली शेकडो पानं बघितलीत. खरी नोंद वाकडीतिकडी असते, ८.१०, १०.२५, मधे कुणीतरी "जेवत होते" लिहिलेलं असतं. आणि जमलं तर अशा पेशंटकडं बघ ज्याच्याजवळ नातेवाईक कोणी नाही. नातेवाईक बसलेले असले की सगळीकडंच काळजी घेतात.

वासाचं तू लाजत लाजत लिहिलंयस. लाजू नको, तो जखमेचा वास आहे, त्यात ना आत्यांची चूक ना तुझी. कॅन्सरच्या उघड्या जखमेत जंतू वाढतात त्याचा तो वास, आणि त्याच्यावर मेट्रोनिडॅझोल चालतं, हेच जुलाबाला देतात ते औषध, जेल लावतात किंवा गोळीची पूड जखमेवर घालतात, सलाईनच्या पाण्यानं हळू धुऊन, चिकटणार नाही असं ड्रेसिंग. बऱ्याच जणांना काही दिवसांतच फरक पडतो. उद्याच डॉक्टरांना विचार, सेंटर ठरायची वाट कशाला बघायची. आणि दोन्ही ठिकाणी हा प्रश्नही टाक, "वास येणाऱ्या जखमेचं तुम्ही काय करता?" जे औषध आणि ड्रेसिंग सांगतात ते काम करणारे. जे "त्यांना आम्ही शेवटची वेगळी खोली देऊ" म्हणतात, तिथं आत्यांना ठेवू नकोस.

अजून एक गोष्ट मी नेहमी बघते, ते लोक सांगतात किती आणि विचारतात किती. दादांना आम्ही अकरा दिवसांनी हलवलं, दुसरी जागा साधी होती, पत्र्याची शेड म्हणावी अशी बाहेरनं. पहिल्याच संध्याकाळी तिथल्या सिस्टरनं मला विचारलं, "दादांना खायला काय आवडायचं?" मी म्हटलं आता कुठलं खाणं, घोट जात नाही. ती म्हणाली तरी सांगा. पांढरा रस्सा, म्हटलं, रविवारचा. ती म्हणाली उद्या करून आणा, तिखट नको, गाळून आणा. मी आणला स्टीलच्या डब्यातनं, तिनं बोटाला गॉज गुंडाळला, रश्श्यात बुडवून पिळला आणि दादांच्या जिभेवर हळू फिरवला. दादांनी डोळे मिटले आणि तो गॉज चोखला. दोन-तीनदाच. घशाखाली काहीच गेलं नसेल, पण चव कळली त्यांना, त्यांच्या कपाळावरची आठी गेली. पांढरा रस्सा तिच्या कुठल्या पुस्तकात नव्हता गं, तिनं विचारलं म्हणून झालं. तर बघ, आत्यांबद्दल तुला कोण काय विचारतंय. त्यांना मिश्रीची सवय होती म्हणालीस, त्यावर कोण तोंड वेंगाडून बोललं तर तेही लक्षात ठेव.

"गाठ आहे एवढंच सांगितलंय" याबद्दल बोलू का? रागावू नकोस. आपल्याकडं घरोघरी हेच चालतं, प्रेमापोटीच चालतं. पण ७१ वर्षांची बाई, ऑपरेशन झालेलं, लाईट घेतलेली, बाकीचे पेशंट बघून आलेली, तिला काय कळलं नसेल? बहुतेक वेळा त्यांना कळलेलं असतं आणि त्या तुम्हाला त्रास नको म्हणून गप्प असतात, आणि तुम्ही त्यांना त्रास नको म्हणून गप्प. चांगली टीम यात घाई करत नाही. पलंगापाशी उभं राहून भसकन काही सांगत नाही आणि "आज्जी महिन्यात ठणठणीत होताय" असं खोटंही बोलत नाही. त्या आत्यांनाच विचारतात, "तुम्हाला काय वाटतंय आजाराबद्दल? कितपत माहिती पाहिजे?" आणि आत्या म्हणाल्या नको मला काही सांगू, तर तेही मानतात. सेंटरवाल्यांना विचार की आमच्या घरात हे असं आहे, तुम्ही काय कराल. या प्रश्नावर जो थोडा थांबून विचार करून बोलतो त्याच्यावर माझा जास्त विश्वास.

हॉस्पिस हा शब्द आता कुणीही बोर्डावर लिहितं. केअरटेकर पुरवणारा ब्युरो, म्हाताऱ्यांना सांभाळणारं सेंटर, सगळेच. त्यातले काही मनापासून काम करतात, पण अंघोळ घालणारी मावशी मिळणं वेगळं आणि दुखणं, धाप, उलटी आटोक्यात आणणारे डॉक्टर-सिस्टर मिळणं वेगळं. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी त्रास कमी करायचं, ट्रेनिंग घेतलेला डॉक्टर कोण, तो आठवड्यातनं किती वेळा स्वतः येतो, हे नाव घेऊन विचार.

घरी येणाऱ्यांचं म्हणशील तर मला मनातनं ते आवडतात, आत्यांना आपली खोली, आपली माणसं, नातीचा अभ्यास करतानाचा आवाज, हे कुठलं सेंटर देणार. पण त्यांच्याकडं रात्रीची परीक्षा अजून कडक घ्यायची. त्यांनी दिलेला नंबर आज रात्री साडेअकराला लावून बघ. उचलणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून थांबू नको, हेच तर त्यांचं काम. कोण उचलतं, पेशंटचं विचारतं का "सकाळी फोन करा" म्हणतं, एवढ्यावरनं अर्धा निकाल लागतो. मग विचार, घरात एक जास्तीच्या औषधांचं पाकीट ठेवून जाता का आणि ते कधी कसं द्यायचं हे मला आणि माझ्या मालकांना करून दाखवून शिकवाल का. मालकांची रात्रपाळी असेल त्या दिवशी तू एकटी असणार, तेव्हा दोघांनाही आलं पाहिजे. आणि हे विचारायला जड जाईल पण विचारच, माणूस पहाटे घरात गेला तर दाखला कोण देणार? घरी मृत्यू झाला की कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो, नोंदणीलाही लागतो, आणि त्या वेळी घरातल्या माणसानं अंगावरचा टॉवेल सुद्धा न बदलता डॉक्टर शोधत फिरायचं हे मी बघितलंय. चांगली होम केअर टीम हे आधीच सांगून ठेवते, आमचा डॉक्टर येऊन देईल म्हणून.

दिरांचं. त्यांच्यावर चिडू नका, लांबच्या माणसाला काहीतरी केल्यासारखं वाटायला पाहिजे असतं. त्यांना एकदा त्या पॅलिएटिव्हच्या डॉक्टरांशी फोनवर बोलायला लाव, तू मधे पडूच नकोस. आयसीयू हे सुधारण्यासारखं काहीतरी असेल तेव्हासाठी असतं. आत्यांच्या आजारात तिथं नळ्या आणि मशीन मिळेल, तू दाराबाहेर आणि भेटायची वेळ ठरलेली. शेवटच्या दिवसांत घरच्यांचा "सलाईन तरी लावा" असा आग्रह असतो, तेव्हा डॉक्टर काय करतात तेही विचारून ठेव. शेवटी शेवटी शरीर पाणी घेत नाही, सलाईन भरत राहिलं की अंगावर सूज येते, घशात घरघर वाढते. जो डॉक्टर बसून हे समजावतो तो चांगला, जो नातेवाईकांच्या समाधानासाठी बाटली टांगतो आणि बिलात लावतो तो नाही. आत्यांची स्वतःची इच्छा असेल की मशीनवर नको, तर ती लिहून ठेवता येते, सुप्रीम कोर्टानं मार्च २०१८ मध्ये त्याला मान्यता दिलीय आणि जानेवारी २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो.

पैशाचं एवढंच, दिवसाचा आकडा लेखी घे आणि त्यात औषधं, ड्रेसिंग, डॉक्टरांची व्हिजिट धरलीय का विचार, डिपॉझिट परत मिळतं का तेही. आणि महाग म्हणजे चांगलं असं या कामात अजिबात नाही. मुंबईला वांद्र्यात १९८६ पासून शांती आवेदना सदन आहे, देशातलं पहिलं हॉस्पिस म्हणतात त्याला, पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह सेंटर आहे, दोन्ही ठिकाणी कॅन्सरच्या पेशंटला पैसे घेत नाहीत. दीर पुण्यातच आहेत तर त्यांना सांग एकदा वारज्याला जाऊन बघून या, आत्यांना न्यायचं नसलं तरी. चांगलं काम डोळ्यांनी बघितलं की आपल्या इथल्या जागा जोखायला सोपं जातं, आणि त्यांच्या डोक्यातलं आयसीयूही थोडं खाली येईल. शिवाय कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी हॉस्पिटलात आणि जिथं आत्यांना लाईट दिली तिथं, दोन्हीकडं विचारा की मॉर्फिन आणि पॅलिएटिव्ह ओपीडी कुठं मिळेल, आशाताईंनाही सांगून ठेव, सरकारी आरोग्य केंद्रांच्या कामात आता हेही धरलंय.

हे सगळं विचारताना तुला वाटेल आपण लई चौकशा करतोय, समोरचा काय म्हणेल. म्हणू दे. मी वॉर्डात असताना प्रश्न विचारणाऱ्या नातेवाईकांचा मला कधी राग आला नाही, त्यांच्या पेशंटकडं सगळ्यांचं लक्ष राहायचं.

आज रात्रीपासनं एक कर. उशाला वही ठेव, आत्या कधी कण्हल्या ती वेळ लिही, आणि शुद्धीत असताना त्यांनाच विचार, शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, आत्ता किती? आकडा सांगता येत नसेल तर रुपयात किती आणे दुखतंय म्हणून विचार, त्या वयाच्या बायका आण्यात बरोबर सांगतात. दोन दिवसांची वही घेऊन जा दोन्हीकडं आणि टेबलावर ठेव. जो ती वही उघडून वाचेल आणि पहिल्यांदा आत्यांना कधी भेटू म्हणेल, त्याच्याकडं आत्यांना दे. आणि कळव मला, वास कमी झाला का तेही कळव.